सोळानंतर काय?

खामगावात अभ्यासिकांना तोटा नाही. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, जे निघेल त्याचा फॉर्म भरलेली मुलं-मुली लाकडी कप्प्यांत भिंतीकडे तोंड करून बसलेली असतात. मोबाइल पालथा, शेजारी पाण्याची बाटली, आणि समोर बुद्धिमत्ता चाचणीचं वापरून वापरून फुगलेलं पुस्तक. त्यात संख्यामालिकेचा धडा हमखास असतो.

६, ११, २१, ३६, ५६, ?
३, ५, ९, १७, ३३, ?
७, १०, ८, ११, ९, १२, ?

सरावलेला उमेदवार यावर पेन्सिलही टेकवत नाही. पहिल्या मालिकेत लगतच्या पदांतले फरक ५, १०, १५, २०. म्हणून पुढचा फरक २५ आणि उत्तर ८१. दुसरीत आधीच्या पदाची दुप्पट करून एक वजा, म्हणजे ६५. तिसरी दिसते एक, पण आहेत दोन: एकाआड एक वाचलं की ७, ८, ९ आणि १०, ११, १२ वेगळ्या होतात, उत्तर १०. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांसाठी ९० मिनिटं असतात. एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. त्यामुळे क्लासमध्ये एक ठरलेला क्रम घोटून घेतात: आधी फरक काढा, जमलं नाही तर फरकांचे फरक, मग वर्ग-घन तपासा, मग एकाआड एक, मग मूळ संख्या. क्रम चांगला आहे आणि गुणही मिळवून देतो.

मात्र त्या जाड पुस्तकात एक गोष्ट कुठेच छापलेली नसते. चार-पाच पदं दिली म्हणून पुढचं पद ठरत नाही. १, २, ३, ४ यानंतर काय? कोणीही ५ म्हणेल. मी २९ म्हणतो, आणि माझा नियमही सांगतो. पदाचा जो क्रमांक असेल त्यातून १, २, ३, ४ असे वेगवेगळे वजा करा, आलेल्या चार संख्यांचा गुणाकार करा आणि तो त्या क्रमांकात मिळवा. पहिल्या चारही पदांना वजाबाकीत कुठेतरी शून्य येतो, गुणाकार शून्य होतो आणि पद जसंच्या तसं राहतं. पाचव्या पदाला ४ × ३ × २ × १ म्हणजे २४ येतात. त्यात ५ मिळवले की २९. त्या गुणाकाराला आणखी कशानं तरी गुणलं की पाचव्या जागी हवी ती संख्या बसवता येते. हा नियम ओढूनताणून आणलेला आहे हे कबूल. पण तो चुकीचा आहे असं दाखवता येत नाही. परीक्षक ५ला बरोबर म्हणतो, कारण सगळ्यांत साधा नियम तोच खरा असा परीक्षेचा अलिखित करार आहे. तो करार परीक्षागृहापुरताच चालतो.

बाहेर पुढचं पद कशावरून सांगतात? खामगाव कापसाचं गाव आहे. इथे कापसाचा बाजार एवढा मोठा होता की त्याच्यासाठी जलंबपासून सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वेचा वेगळा फाटा टाकला गेला, आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला इथे आला. आज दाबलेल्या रुईच्या गठाणीचं प्रमाण वजन १७० किलो धरतात. प्रेसमधला माणूस १७०, ३४०, ५१० असं लिहीत गेला तर पुढे ६८० येणार याबद्दल वाद होत नाही. तीन आकड्यांत फरक सारखा आहे म्हणून नव्हे, तर प्रत्येक वेळी एक गठाण वाढते हे त्याला ठाऊक आहे म्हणून. इथे नियम आधी असतो आणि आकडे त्याच्या मागून येतात.

जुने गणिती प्रश्नही असेच घालायचे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) श्रेढींचं गणित आहे. त्यात एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो आणि मग रोज ५ द्रम्म वाढवत जातो. पंधरा दिवसांत एकूण किती दिले, असा प्रश्न आहे. उत्तर ५८५. इथे ४, ९, १४ लिहून ‘पुढचं पद ओळखा’ असं म्हटलेलं नाही. वाढ कशी होते ते सरळ सांगून टाकलं आहे. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’तली (१३५६) गाय तर याहून गोड आहे. ती दरवर्षी एक कालवड देते आणि प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः वर्षाला एक कालवड देऊ लागते. वीस वर्षांत कळप केवढा होईल? एका गाईपासून वर्षागणिक २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४१, ६० असा कळप वाढतो. नुसते आकडे पाहून नियम सापडायला वेळ लागेल. गोठ्यात डोकावलं तर लगेच दिसतो: यंदाचा कळप म्हणजे गेल्या वर्षीचा सगळा कळप, अधिक यंदा जन्मलेल्या कालवडी, आणि यंदा वितात त्या तीन वर्षांपूर्वी कळपात असलेल्या सगळ्या. म्हणून गेल्या वर्षीची संख्या आणि तीन वर्षांपूर्वीची संख्या यांची बेरीज. ६० नंतर ६० + २८ म्हणजे ८८. असं करत विसाव्या वर्षी २७४५ जनावरं होतात. चाऱ्याचा प्रश्न नारायण पंडितांनी विचारलेला नाही.

आता एक मालिका घेऊ आणि तिच्याशी जरा निवांत झटापट करू.

१, २, ४, ८, १६, ?

अभ्यासिकेत विचारा, ३२ हे उत्तर श्वास घेण्याआधी येईल. दुप्पट, दुप्पट, दुप्पट. आता आठवीच्या वर्गात कंपास काढायला लावा आणि कागदावर एक मोठं वर्तुळ. त्यावर एक बिंदू घेतला तर वर्तुळाचा आतला भाग एकच. दोन बिंदू घेऊन जोडले की दोन भाग. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडला की चार. चार बिंदूंना आठ, पाच बिंदूंना सोळा. सहा बिंदूंना? वर्ग एका सुरात बत्तीस म्हणतो. मग मोजणी सुरू होते, भागांत बारीक आकडे भरले जातात, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो: “सर, तीसच भरते.” शेजारचा म्हणतो, “तुयं चुकलं, एकतीस हाय.” दोघांच्याही आकृत्या बरोबर असतात. पहिल्यानं कंपासनं नेटका नियमित षट्कोन काढलेला असतो, त्यामुळे समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन रेषा नेमक्या मध्यबिंदूत भेटतात आणि तिथे होऊ शकणारा चिमुकला त्रिकोण मिटून जातो. बिंदू थोडे वेडेवाकडे घेतले, तीन रेषा एका ठिकाणी येणार नाहीत अशी काळजी घेतली, की ३१ भाग होतात. बत्तीस काही केल्या होत नाहीत.

का नाहीत, याचं उत्तर मोजणीतच आहे. सुरुवातीला एक भाग. प्रत्येक नवी रेषा एक भाग वाढवते, आणि वाटेत दुसऱ्या रेषेला जितक्या वेळा छेदते तितके आणखी. म्हणून एकूण भाग म्हणजे १ अधिक रेषा अधिक छेद. सहा बिंदूंतून दोन-दोन निवडले की १५ रेषा. कुठल्याही चार बिंदूंमागे एक छेद, असे छेदही १५. बेरीज ३१. पाच बिंदूंना १ + १० + ५, म्हणजे १६; तिथपर्यंत दुपटीची बतावणी बेमालूम चालते. सात बिंदूंना ५७, आठला ९९, नऊला १६३. दहाला २५६ येतात, पुन्हा दोनचा घात! तोही फसवाच आहे. क्लासमधला क्रम इथे लावून पाहिला तर गंमत दिसते. १, २, ४, ८, १६, ३१, ५७ यांचे फरक १, २, ४, ८, १५, २६; त्यांचे फरक १, २, ४, ७, ११; त्यांचे १, २, ३, ४; आणि त्यांचे १, १, १. चार पायऱ्या उतरल्यावर जमीन लागते. दुपटीच्या मालिकेत ती कधीच लागत नाही, कारण तिचे फरक काढले की तीच मालिका परत हातात येते.

तर १६ नंतर ३२ येतो आणि ३१ही येतो. याच मालिकेला एक तिसरं उत्तर आहे. ते द्यायला देवळालीला जावं लागतं.

त्यासाठी फार वळणं घ्यावी लागत नाहीत. जलंबला फाटा सोडून मुंबईकडची मोठी लाइन धरली की मलकापूर, भुसावळ, जळगाव आणि मग चाळीसगाव. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो मठ. पुढे नाशिक रोड, आणि लगेच देवळाली. तिथल्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शिक्षक होते. जन्म १९०५चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना गणितासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढची पदवी घेतली नाही, विद्यापीठात नोकरी नाही. शाळेनंतर वह्याच्या वह्या आकड्यांनी भरायच्या, स्वखर्चानं पुस्तिका छापायच्या आणि गणिताच्या परिषदांना आपली शोधलेली रत्नं घेऊन जायचं, हा त्यांचा आयुष्याचा क्रम. याच लाइनवर, मुंबईच्या अलीकडे, आज जे डोंबिवली म्हणून ओळखलं जातं ते स्टेशन तेव्हा डेम्लो म्हणून लिहिलं जाई. तिथे सुचल्या म्हणून एका जातीच्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिलं. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, ११११चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा मनोरा बिनचूक चढतो-उतरतो. दहा एक घेतले की १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो, कारण हातचा येऊन मधला तोल ढासळतो. संख्यांना गावाची आणि स्टेशनाची नावं देणारा दुसरा गणिती माझ्या पाहण्यात नाही.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं अपत्य ६१७४. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, आणि तेच पुन्हा पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. खामगावच्या रेल्वेचं साल घ्या: ८७१० वजा ०१७८ बरोबर ८५३२, ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. दोनच फेऱ्या. हे त्यांना १९४६ साली सापडलं. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हे शाळामास्तर कळले. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

आपल्याला हवं ते तिसरं उत्तर मात्र त्यांच्या याहून साध्या खेळात आहे. एक संख्या घ्या आणि तिच्यातच तिच्या अंकांची बेरीज मिळवा. १ मध्ये १ मिळवला, २. दोनात दोन, ४. चारात चार, ८. आठात आठ, १६. सोळात एक आणि सहा, म्हणजे सात मिळवले: २३. मालिका अशी जाते:

१, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१, १०३, १०७, ...

फरक काढून पाहाल तर १, २, ४, ८, ७, ५, १०, ११, १३, ८ असा काला हाती लागतो. फरकांचे फरक काढले तर आणखी वाईट. दुपटीशी हिचं काही नातं उरलंय असं वाटतही नाही, पण ते आहे. दोन्ही मालिकांतल्या प्रत्येक पदाच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जा. दुपटीच्या मालिकेत १, २, ४, ८, मग १६चे ७, ३२चे ५, ६४चा १, १२८चे २. कापरेकरांच्या मालिकेत १, २, ४, ८, मग १६चे ७, २३चे ५, २८चा १, ३८चे २. दोन्हींत १, २, ४, ८, ७, ५ हेच चक्र अखंड फिरतं. कारण साधं आहे. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९नं भागलं की बाकी सारखीच उरते. तेव्हा अंकांची बेरीज मिळवणं म्हणजे ९च्या बाकीपुरतं दुप्पट करणंच. त्या चक्रात ३, ६, ९ नाहीत, म्हणून ही मालिका कितीही लांबवली तरी तिला ३नं भाग जाणारी संख्या भेटणार नाही.

पुढे जाणं इथे सोपं आहे. कापरेकरांची नजर मागे वळली, आणि तिथेच त्यांचं वेगळेपण आहे. २३ आला सोळापासून. १६ आठापासून. १०१ दोघांपासून येतो: ९१ + ९ + १ आणि १०० + १. पण २० कुठून येतो? १४मध्ये ५ मिळवले तर १९, १५मध्ये ६ मिळवले तर २१. वीस कशातूनच निघत नाही. अशा बिनजन्मदात्या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं, आणि गावाच्या नावानं देवळाली संख्याही. त्या ओळीनं लिहिल्या तर अशा दिसतात:

१, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, ...

(वर्तुळातला ३१ इथेही भेटला, हा निव्वळ योगायोग.) भरतीचा उमेदवार २० पासूनचा भाग पाहील आणि सांगेल: फरक ११, पुढे १०८. बरोबर आहे. त्यापुढे? ११९ नाही. १०८ नंतर ११० येतो. मग पुन्हा १२१, १३२, १४३ असं अकराअकरानं सुरू.

असं का होतं ते पाहायला एक कागद पुरतो. दोन अंकी संख्येत दशक एकानं वाढला की संख्या १०नं वाढते आणि अंकांची बेरीज १नं, मिळून ११. एकक एकानं वाढला की संख्या १नं आणि बेरीजही १नं, मिळून २. म्हणजे दशकाला ११नं आणि एककाला २नं गुणून मिळवलं की पुढची संख्या तयार. दशक शून्य असताना ० पासून १८ पर्यंतच्या सम संख्या तयार होतात. दशक १ असताना ११ पासून २९ पर्यंतच्या विषम, दशक २ असताना २२ पासून ४० पर्यंतच्या सम, दशक ३ असताना ३३ पासून ५१ पर्यंतच्या विषम. आता फटी बघा. सम संख्या १८ला थांबतात आणि २२ला पुन्हा सुरू होतात, मध्ये २० सुटतो. विषम २९ला थांबतात, ३३ला सुरू होतात, मध्ये ३१ सुटतो. सम ४० आणि ४४, सुटला ४२. प्रत्येक फट आधीच्या फटीपेक्षा ११नं पुढे. ११चा फरक आता नुसता दिसत नाही, कळतो. सुरुवातीचे १, ३, ५, ७, ९ही कळतात: विषम संख्या ११ पासूनच तयार व्हायला लागतात.

शंभराशी आलं की मात्र नवाचा शून्य होतो आणि अंकांची बेरीज कोसळते. दशक ८ असताना ८८ पासून १०६ पर्यंतच्या सम संख्या तयार झाल्या. दशक ९ असताना ९९ पासून ११७ पर्यंतच्या विषम. त्यापुढच्या दहा संख्यांनी, १०० ते १०९ यांनी, खरं तर सम देऊन फट वेळेवर बुजवायची. पण त्या देतात १०१ ते ११९ विषम, म्हणजे जवळजवळ आधीच्याच. १०१चे दोन जन्मदाते असण्याचं कारण हेच. पुढच्या सम संख्या ११० पासून येतात आणि त्यांची पहिली देणगी ११२. तेव्हा १०६ आणि ११२ यांच्यामध्ये १०८ आणि ११० दोघेही अनाथ राहतात.

हे सगळं दहाच्या पद्धतीत अंक लिहितो म्हणून घडतं, संख्यांच्या अंगभूत गुणांशी त्याचा संबंध नाही, असं म्हणून त्या काळच्या अनेक गणितज्ञांनी कापरेकरांना फार मनावर घेतलं नाही. आक्षेप खोटा नाही. मला तरीही वाटतं की एखादा आकृतिबंध कुठवर टिकतो आणि नेमका कशामुळे तुटतो हे शिकायला यापेक्षा चांगली, बिनखर्चाची जागा शाळेतल्या मुलाला मिळणार नाही. बीजगणितही लागत नाही.

ही तूट शंभराशी एकदाच होत नाही. दोनशेशी २०९ नंतर लगेच २११ येतो, तीनशेशी ३१० नंतर ३१२, चारशेशी ४११ नंतर ४१३, पाचशेशी ५१२ नंतर ५१४. आता तुटण्याच्या जागांचीच मालिका झाली: १०८, २०९, ३१०, ४११, ५१२. फरक १०१. कारणही हाताशी आहे: शतक एकानं वाढला की संख्या १००नं आणि बेरीज १नं वाढते. ६१३, ७१४, ८१५, ९१६ सगळे हजर होतात, प्रत्येकाच्या पाठोपाठ दोननं मोठा जोडीदार घेऊन. पुढचं पद १०१७ आणि त्याच्यामागे १०१९, असं कोणीही लिहील. पण १०१७ला जन्मदाता आहे, १००८. आणि १०१९लाही आहे, १००९. हजाराशी तीन नवांचे तीन शून्य होतात, फटी दुसरीकडेच सरकतात, आणि १००६ या स्वयंभू संख्येनंतरची स्वयंभू संख्या थेट १०२१ असते.